खिडकीसमोरचा उतार

९ जानेवारी

निवृत्त होऊन वर्ष होत आलं, तरी जेवण झालं की हात कागद शोधतो. लाकूड कंपनीत रोज संध्याकाळी अहवाल लिहायचो. अमुक भागात खुणा केल्या, तमुक भागात तोड झाली, साफसफाई पूर्ण. त्यातलं शेवटचं मला सगळ्यात आवडायचं. माझ्यामागे माणसं मला झाडूसाहेब म्हणायची आणि मला ते ठाऊक होतं. दुसऱ्यांनी तोड केलेल्या जंगलात पाय ठेवायला जागा नसायची, नुसता फांद्यांचा राडा. माझ्या जंगलात तोड झाल्यावर चटई अंथरून झोपावं. म्हणून ही वही आणली. आता अहवाल कुणाला द्यायचा नाही, एवढाच फरक.

ताईकडे राहायला आलो त्याला आज महिना झाला. बायको गेल्यावर मुलगी म्हणत होती माझ्याकडे या, पण जावयाच्या घरात मी कपाटं आवरायला लागलो असतो आणि संबंध बिघडले असते. ताईला माझी सवय आहे. ताईनं जन्मभर शिवणकाम केलं, लग्न केलं नाही, आणि आईवडिलांच्या मागे हे घर आणि घरामागचा जंगलाचा तुकडा एकटीनं सांभाळला. आता सत्तरी उलटली, गुडघे गेले. दोन पायऱ्या उतरणं म्हणजे मोहीम. दिवसभर आपल्या खोलीच्या मागच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसते. तिथून जंगलाचा उतार दिसतो.

लहानपणी हा उतार वसंतात पांढरा व्हायचा. तिपानीची फुलं. नाव आईनं ठेवलेलं, कारण एका देठावर तीनच पानं आणि त्यांच्या मधोमध एक पांढरं फूल. बी पडल्यापासून फूल यायला सात-आठ वर्षं लागतात. मोठ्या झाडांखाली वाढते, पण अगदी काळोखात रुसते. आता झाडं इतकी माजलीत की खाली दुपारीही संध्याकाळ असते, आणि तिपानी कुठे कुठे चुकार उरलीय.

आज ताई सहज म्हणाली, "एकदा तो उतार पुन्हा पांढरा झालेला दिसला ना, की माझं बाकी काही मागणं नाही."

मी म्हटलं, "त्यात काय? झाडं विरळ करायची. उजेड आला की फुलं येतील. माझा जन्म गेला त्यात."

"बघ बाबा," ती म्हणाली. "तू मनावर घेतलंस की भीती वाटते."

थट्टा होती. मी मनावर घेतलंय.

२८ जानेवारी

तोड झाली. खुणा मी स्वतः केल्या. प्रत्येक झाडाशी उभं राहून वर पाहिलं, हे गेलं तर उजेड कुठे पडेल, हे ठेवलं तर सावली कुठे. सगळी झाडं पाडायची नसतात, एकाआड एक माथा मोकळा करायचा. ट्रॅक्टरवाला जुना, कंपनीतलाच. ओंडके त्यानं ओढून नेले, आणि फांद्या, शेंडे, काटक्या मी वेचून वेचून खालच्या वाटेवर जाळल्या. उतार आता असा दिसतो की कुणालाही दाखवावा.

फक्त वरचा डावा कोपरा राहिला. तिथे एक मोठं झाड आडवं पाडलं, त्याचा शेंडा तसाच पडलाय, आणि नेमका ट्रॅक्टरचा ओंडके ओढायचा दांडा तुटला. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "झाडूसाहेब, एवढं राहू द्या, थंडी सरली की येतो." तो येतो म्हणजे कधी, हे मला माहीत आहे. कोपरा नजरेत सलतो. नव्या शर्टाला एक बटण कमी असल्यासारखं वाटतं.

ताई खिडकीतून बघत होती. म्हणाली, "किती लांबवर दिसतंय रे आता."

२० फेब्रुवारी

ताई म्हातारी होत चाललीय, हे मान्य करायला हवं. बटाट्याची सालं एवढी जाड काढते की सालीतच अर्धा बटाटा. बोललो तर म्हणे, "माझे हात थरथरतात." सुईत दोरा मात्र पहिल्या फटक्यात ओवते. गाजरं आठवड्याला पिशवीभर मागवते आणि भाजीत दोन दिसतात.

आणखी एक. मीठ. महिन्यात तिसऱ्यांदा मीठ आणलं. तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून मी घाबरलो. पण तिच्या हातचं जेवण तर अळणीच असतं, वरून मीच घेतो. विचारलं तर म्हणाली, "ओल लागून पाणी होतं त्याचं." डबा घट्ट झाकणाचा आणून दिला.

खिडकीखाली जमीन खचलीय. टोपलीएवढा खड्डा पडलाय. वरची पन्हळ गळत असणार, पाणी तिथेच पडतं. माती टाकून धोपटून सपाट केलं. पन्हळ बघायला शिडी लागेल.

१७ एप्रिल

लिहिण्यासारखं आज आहे. उतार हिरवा झाला. मी जन्मभर झाडं पाडली, पण पाडल्यावर खाली काय उगवतं ते बघायला कधी थांबलो नाही. काम संपलं की पुढचा भाग. आता पहिल्यांदा बघतोय. नेचे उलगडतायत, कुठली कुठली रोपं पाचोळ्यातून डोकं काढतायत, आणि तिपानी. चांगली दिसण्याइतकी. बऱ्याच जणींना कळ्या आहेत.

ताईला सांगितलं तर तिनं चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिलं. तिला एवढ्या लांबून कळ्या दिसणं शक्य नाही, पण दिसल्या म्हणाली. रात्री जेवताना आईच्या गोष्टी काढल्या. आम्ही मुठी भरभरून फुलं तोडून आणायचो आणि आई रागवायची, कारण फूल तोडलं की तिन्ही पानं जातात आणि खाली कंद वर्षभर उपाशी राहतो. ताई म्हणाली, "तू तोडायचास. मार मला बसायचा." हे खोटं आहे. तोडायची तीच.

२ मे

गेलं सगळं.

सकाळी चहा घेऊन उतारावर गेलो तर नुसते देठ. कात्रीनं कापल्यासारखे नाहीत, ओरबाडून तोडल्यासारखे. हरणं. मातीत खूर उमटलेत. दुसरी झुडपं सोडून नेमकी तिपानीच वेचून वेचून खाल्लीय. नेच्यांना तोंडसुद्धा लावलेलं नाही.

मी आधी ताईला सांगितलंच नाही. मग तिनं स्वतःच विचारलं, "फुलली का रे?" सांगावं लागलं.  दुपारी खिडकीचा पडदा ओढून घेतला होता.

५ मे

गावात शाळेच्या मागे वनस्पतींची पाहणी करणाऱ्या एक बाई राहतात. जंगलात काड्या रोवत फिरतात, कुठलं रोप कुठे आहे त्याच्या खुणा म्हणून. लोक त्यांना काड्यावाल्या बाई म्हणतात. त्यांना बोलावलं. पोरीच्या वयाच्या आहेत, पण गुडघे टेकून, जमिनीला नाक लावून काम करतात, मला आवडलं.

त्या म्हणाल्या, "काका, तिपानी म्हणजे हरणांची मिठाई. आणि तिला वर्षातून एकदाच पानं येतात. ती गेली की यंदा पुन्हा नाही. पुढच्या वर्षी येईल, पण लहान होऊन, एकाच पानाची. असं पुन्हा झालं की तेही पान नाही."

मी म्हटलं, "पण उजेड तर मीच आणला."

"उजेड आणलात म्हणून तर हरणं जेवायला आलीत. दाट जंगलात त्यांना काय मिळतं? आता इथे कोवळा पाला आहे, आणि चालायला अडथळा नाही. एवढं मोकळं जंगल मी कुठे पाहिलं नाही हो."

मला ती शाबासकी वाटली. मग त्या डाव्या कोपऱ्याकडे बघून मी आपणहून म्हटलं की तेवढं राहिलंय, ट्रॅक्टर आला की ते पण काढतो.

"तो राहू द्या ना, काका. बघू काय होतं."

मनानं चांगल्या आहेत. म्हातारा थकला असेल म्हणून सांभाळून घेतलं. पण मला दया नको, ट्रॅक्टर हवा.

ताईनं बाईंना चहा दिला आणि विचारलं, "हरणं जास्त का झाली म्हणायची?" बाई म्हणाल्या, "एकदा सवयीची जागा झाली की येतच राहतात, मावशी." ताईनं कपबश्या उचलल्या. अर्धा कप चहा अजून बाईंच्या हातात होता.

२१ जून

ट्रॅक्टरवाला आला नाही. फोनवर म्हणतो, दांडा येतोय.

उतारावर आता काटेरी जाळी वाढलीय, हरणं ती खात नाहीत. जे नको ते माजतं आणि जे हवं ते जातं. तारेचं कुंपण घालायचा विचार बोलून दाखवला तर ताई म्हणाली, "नको. खिडकीतून तार दिसणार. तुरुंगात बसल्यासारखं वाटेल मला." तिचंच बरोबर असेल. जिला उतार दाखवायचा तिच्याच डोळ्यांसमोर जाळी टांगायची, हे काही खरं नाही.

ताईला हरणांचा राग येत नाही याचं मला नवल वाटतं. काल म्हणाली, "यंदा तिच्याबरोबर पिल्लू आहे." मी म्हटलं, "कुणाबरोबर?" म्हणाली, "त्या एकीबरोबर. फाटक्या कानाच्या." खिडकीत बसून बसून माणूस काय काय टिपतं.

खिडकीखालचा खड्डा पुन्हा. पुन्हा भरला.

१४ सप्टेंबर

शिडी आणून पन्हळ पाहिली. कुठे गळत नाही. तरी डांबर लावलं. खड्डा तिसऱ्यांदा भरला. या वेळी खाली दगड घातले.

मीठ संपलं. घट्ट झाकणाचा डबा. मी दुकानदाराला म्हटलं, तुमच्या मिठात वजन कमी भरतं. त्यानं माझ्यासमोर तोलून दाखवलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

कोठीतली सफरचंदंही भराभर जातायत. ताई म्हणते, उंदीर. सापळे लावले, उंदीर एकही नाही.

३ नोव्हेंबर

ठरवलं. कुंपण नको तर नको, पण हरणं हटवायलाच हवीत. नाहीतर पुढच्या वसंतात तिपानीला एक पान, त्यापुढच्या वर्षी तेही नाही, आणि ताई थांबणार आहे थोडीच. बाजारातल्या खाटकाकडे शिकारीचा परवाना आहे. हंगाम सुरू झालाय. म्हणाला, एक मारलं की बाकीची काही दिवस त्या बाजूला फिरकत नाहीत.

ताईला सांगणार नाही. तिचं मन हळवं आहे, उगाच वाद होईल. वसंतात उतार बघेल तेव्हा कळेलच.

७ नोव्हेंबर

उजाडताना खाटीक आला. ताई झोपलेली होती, तिच्या खोलीचं दार बंद होतं. आम्ही घराच्या कोपऱ्यावर उभे राहिलो. फार वाट पाहावी लागली नाही. जंगलातून फाटक्या कानाची आली, मागे तिचं पाडस. आता चांगलं मोठं झालंय. खाटकानं नेम धरला आणि मग बंदूक जरा खाली घेतली.

"ही पळत कशी नाही हो?" हळू आवाजात म्हणाला. "आपल्याकडेच चालत येतेय."

खरंच घराच्या दिशेनं येत होती, सरळ. मी म्हटलं, म्हातारी झाली असेल, कान फाटका, ऐकू येत नसेल. मग त्यानं गोळी घातली. पाडस पळालं.

एक मांडी त्यानं मला दिली. संध्याकाळी मीच शिजवली, ताईला स्वयंपाकाचा त्रास नको म्हणून. खाटकानं दिलं म्हटलं. ताईनं ताट बाजूला सारलं. दात दुखतो म्हणाली. मला भूक होती, मी दोनदा वाढून घेतलं.

१९ नोव्हेंबर

ताईनं खुर्ची खिडकीपासून हलवायला लावली. आता शेगडीजवळ, भिंतीकडे तोंड करून बसते. म्हणाली, "वारा लागतो तिथे." खिडकीच्या फटी मी कागदानं बंद करून दिल्या. तरी वारा लागतो म्हणते.

बोलणं कमी झालंय. डॉक्टरांकडे नेलं. सगळं ठीक आहे म्हणाले, हिवाळा आहे, जपा.

३१ डिसेंबर

वर्ष संपलं. खाटीक म्हणाला तसं झालं, हरणं क्वचित दिसतात. मी ताईला म्हटलं, "यंदा तिपानी वाचेल बघ."

ती म्हणाली, "हं."

११ फेब्रुवारी

हे कसं लिहावं कळत नाही, पण लिहितो.

आज कोठी आवरायला घेतली. कोपऱ्यात गाजरांची पिशवी, त्यांना कोंब फुटलेत. त्यामागे आणखी एक, पूर्ण सडलेली. सफरचंदं जशीच्या तशी, सुरकुतलेली. मिठाचा डबा अजून अर्ध्याहून जास्त भरलेला. मीठ मी नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणलं होतं, त्यानंतर आणलेलंच नाही. बटाट्याची सालं हल्ली कागदासारखी पातळ असतात, हे मला दिसत होतं आणि मी खूश होतो, ताईचे हात सुधारले म्हणून.

मग बाहेर जाऊन खिडकीखाली पाहिलं. एवढा पाऊस झाला, पण सप्टेंबरात भरलेला खड्डा तसाच सपाट आहे. पन्हळीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. जिथे मीठ पडतं तिथली माती हरणं चाटून चाटून खातात, खड्डा पडेपर्यंत. हे मी जंगलात शंभरदा पाहिलंय. आणि स्वतःच्या घराच्या भिंतीशी तीनदा माती भरून धोपटली.

ताई खिडकीतून टाकायची, मीठ, गाजरं, सालं, सफरचंदं. पायऱ्या उतरता येत नाहीत, जंगलात जाता येत नाही, म्हणून जंगलातलं कुणीतरी खिडकीशी येऊन उभं राहायचं. मी येण्याआधी किती वर्षं, कुणास ठाऊक. फाटक्या कानाची सकाळी घराकडे चालत आली ती न्याहारीला आली होती.

मी तिला गोळी घालायला लावली, आणि शिजवून ताईच्या ताटात वाढली.

दिवसभर ताईकडे बघायची हिंमत झाली नाही. सांगायचं ठरवलं आणि चहा करून दिला. पुन्हा ठरवलं आणि पुन्हा चहा केला. शेवटी म्हणाली, "आज काय पाहुणे येणार आहेत का?"

१६ फेब्रुवारी

सांगितलं नाही अजून. मुलीचा फोन आला, तिलाही नाही सांगितलं.

मला रागही येतोय, हेही लिहून ठेवतो. जिच्यासाठी मी उतार मोकळा केला, तीच हरणांना आमंत्रण देत होती. मीठ टाकून, गाजर टाकून, बरोबर फुलांच्या वाटेवर. कुंपणच शेत खातं, म्हणतात. पण राग फार वेळ टिकत नाही. तिनं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? सालं मोजली असती.

२३ एप्रिल

ट्रॅक्टरचा दांडा आला. ट्रॅक्टरवाल्याचा सकाळीच फोन, "झाडूसाहेब, उद्या कोपरा मोकळा करून टाकू."

म्हणून आज कुऱ्हाड घेऊन कोपऱ्याकडे गेलो, काय काय कापायचं ते बघायला. उतारावर तिपानी आलीय, पण बाई म्हणाल्या होत्या तशीच. लहान होऊन. बहुतेकींना एकच पान, फूल एकीलाही नाही. हरणं कमी झाली, तरी गेल्या वर्षी जे गेलं ते गेलं.

वर कोपऱ्यात पोचलो. पाडलेल्या झाडाचा शेंडा वर्षभरात वाळून राखाडी झालाय, फांद्या एकमेकींत अडकलेल्या, हात घालायला जागा नाही. पहिली फांदी ओढली आणि आत पांढरं दिसलं.

खाली वाकलो, मग पोटावर झोपून पाहिलं. फांद्यांच्या आत तिपानी. एक नाही, पूर्ण वाफा. तिन्ही पानं तळहाताएवढी, मधे फूल. एका पानालाही दात लागलेला नाही. हरणाचं तोंड तिथवर पोचतच नाही. नेमका तोच कोपरा, जो मला सव्वा वर्ष सलतोय.

तिथेच पडून राहिलो बराच वेळ. कुऱ्हाड कुठे ठेवली आठवेना, नंतर शोधावी लागली. जर मी उतारभर फांद्या जिथे पडल्या तिथे राहू दिल्या असत्या, आळशी माणसासारखं काम केलं असतं, तर उजेडही आला असता आणि फुलंही वाचली असती. ताईनं कितीही गाजरं टाकली असती तरी वाचली असती. मी जे जाळलं तेच त्यांचं कुंपण होतं, आणि खिडकीतून ते दिसलंही नसतं कुंपणासारखं.

आणि किती जंगलं मी अशी झाडून काढली, साफसफाई पूर्ण म्हणून. तिथे मागे वळून कधी पाहिलं नाही. आज त्याचा विचार करवत नाही.

ट्रॅक्टरवाल्याला फोन करून येऊ नको म्हटलं. तो म्हणाला, "तब्येत बरी आहे ना?"

२४ एप्रिल

काड्यावाल्या बाई येऊन गेल्या. पोटावर झोपून आत बघत कितीतरी वेळ हसत होत्या. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं, काका. वाटत होतं. म्हणून म्हटलं राहू द्या."

"कारण का नाही सांगितलंत?"

"तुम्ही उतार इतक्या अभिमानानं दाखवत होतात," त्या म्हणाल्या. "मला बोलवेना."

संध्याकाळी ताईसमोर स्टूल घेऊन बसलो. म्हटलं, "ताई, खाटकाला मी बोलावलं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "जागी होते मी. खिडकीशीच होते, हातात गाजर घेऊन."

मी स्टूल जरा पुढे ओढलं. मग म्हटलं, "मग बोलली का नाहीस? मला शिव्या घालायच्या होत्यास."

"कुठल्या तोंडानं? फुलं खाल्ली त्या दिवशीच कळलं मला. ती बाई म्हणाली ना, सवयीची जागा. मीच सवय लावली. त्या दिवसापासून ठरवत होते, उद्या टाकायचं नाही. मग ती येऊन उभी राहायची." पुढे म्हणाली, "तू माझ्यासाठी घाम गाळत होतास आणि मी मांजरासारखी डोळे मिटून दूध पीत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोलणार?"

मी म्हटलं, "मी दोनदा वाढून घेतलं गं."

"बघितलं मी," ताई म्हणाली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात मुळीच थरथरत नव्हता.

मग कोपऱ्याचं सांगितलं. तिचे डोळे भरून आले. म्हटलं, एक फूल आणून देऊ का? तर म्हणाली, "नको. तोडू नकोस. कंद उपाशी राहतो." मग नाक पुसून, "या वेळी मार तुला बसला असता."

६ मे

ट्रॅक्टर आला, पण उलट्या कामाला. खालच्या जंगलात दुसऱ्या कुणाची तोड चाललीय, त्यांच्या फांद्या आणि शेंडे मागून आणले. उतारावर जिथे जिथे एकपानी तिपानी उरलीय तिथे तिथे वरून आडव्या-तिडव्या टाकतोय, उजेड आत जाईल पण तोंड जाणार नाही अशा बेतानं. ट्रॅक्टरवाला आधी हसला. म्हणाला, "झाडूसाहेब, तुम्ही हे करताय यावर गावात कुणी विश्वास ठेवणार नाही." मी म्हटलं, नाही ठेवला तर नाही.

माझ्या हातांना हे जमत नाही. फांदी टाकली की ती नीट लावायला हात जातो. दोनदा लावल्या आणि पुन्हा विस्कटल्या.

बाई म्हणाल्या, कंदात जोर यायला काही वर्षं जातील. उतार पांढरा व्हायचा तर जी आज बीज आहे तिलाही फूल यावं लागेल. सात वर्षं, आठ. बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या, ताईकडे नाही. ताई म्हणाली, "आठ म्हणजे अगदीच काही फार नाही," आणि शिवण हातात घेतली. 

१९ मे

काम संपलं. उताराकडे बघवत नाही. वादळ येऊन गेल्यासारखा राडा आहे, वरपासून खालपर्यंत. साफसफाई कुठेच नाही.

ताईनं दुपारी खुर्ची पुन्हा खिडकीशी लावायला सांगितली. लावली. बसली, चष्मा पुसला.

"आत तर काही दिसत नाही," ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं.

"मग ठीक आहे."

मी स्टूल ओढून शेजारी बसलो. संध्याकाळ व्हायच्या आत जंगलाच्या कडेला एक हरीण येऊन उभं राहिलं. फाटक्या कानाचीचं पाडस असावं, आता पूर्ण वाढलेलं. फांद्यांच्या राड्याशी थांबलं, आणि मान वर करून खिडकीकडे बघत राहिलं. टोपलीत गाजरं होती, ताईच्या हाताशीच. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, ते तिनं तसेच ठेवले. मीही हललो नाही. पाडस बराच वेळ उभं होतं, मग गेलं.

ताई म्हणाली, "चहा टाक."